बस्टर कीटन क्रमवार : २९ पैकी २७, आणि मुंग्या लागलेली एक टोपी

मंडळी, मूकपटांच्या काळातला अमेरिकी विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन याचे चित्रपट मी क्रमाने बघतोय. काल रात्री 'द जनरल' संपवला. म्हणजे १९२० ते १९२३ मधले १९ छोटे पट पूर्ण, आणि त्यानंतर त्याने स्वतःच्या स्टुडिओत केलेल्या १० मोठ्या मूकपटांपैकी ८. राहिले 'कॉलेज' आणि 'स्टीमबोट बिल ज्युनियर'.

नियम पहिल्या दिवसापासून तोच आहे. प्रदर्शनाच्या क्रमाने बघायचं, मधे उडी मारायची नाही, आणि प्रत्येक करामतीपुढे वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: कॅमेरा किती लांब होता, आणि मधे कट होता का. पहिले दोन-तीन पट एका गचाळ प्रतीवरून पाहिले, त्यात माणसं अंगात आल्यासारखी धावत होती. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचे, सेकंदाला २४ चौकटी भरायच्याच असं बंधन नव्हतं. आज तेच सरसकट २४ ने चालवलं की गोंधळ होतो. प्लेअरचा वेग जरा उतरवला आणि ते पट परत पाहिले. नव्याने सुरू करणाऱ्यांनी हे आधी तपासा, नाहीतर कीटन आवडणारच नाही.

आई शेजारी बसते. दृश्यांमधल्या, संवाद लिहिलेल्या पाट्या मी मराठीतून वाचतो. कीटनकडे पाट्या कमीच असतात, त्यामुळे माझा घसा वाचतो.

क्रमाने बघण्याचा खरा फायदा आता कळतोय. जन्म ४ ऑक्टोबर १८९५, कॅन्सस राज्यातलं पिक्वा. आईवडील गावोगाव फिरून रंगमंचावर खेळ करणारे. खेळ काय, तर बाप या पोराला रंगमंचभर फेकायचा. उचलायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीवर चक्क बॅगेची मूठ शिवलेली. आपण हसलो की प्रेक्षक हसत नाहीत, हे तो तिथेच शिकला. मी इतके दिवस त्याला 'न हसणारा, पडणारा नट' या खात्यात टाकलं होतं. वही भरत गेली तसं मत बदललं: हा माणूस आधी मोजतो आणि मग पडतो. १९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विनोदी नट रॉस्को आर्बकलच्या सेटवर पहिल्यांदा गेला, तेव्हा त्याला सगळ्यात जास्त कुतूहल कॅमेऱ्याचं. कॅमेरा घरी नेऊन खोलून पाहिला, असं तो स्वतः सांगायचा.

'द प्लेहाउस' (१९२१) वर मी दोन संध्याकाळी घालवल्या. 'द इलेक्ट्रिक हाउस'च्या चित्रणात घोटा मोडला होता, त्यामुळे धडपडीला सुट्टी. मग काय, एकाच चौकटीत नऊ बस्टर! भिंगापुढे झडपांची पेटी. एक झडप उघडायची, एका बस्टरचं काम चित्रित करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, पुढची झडप. कॅमेरामन एल्जिन लेस्ली दर वेळी हाताने त्याच वेगात दांडा फिरवतोय, आणि कीटन ठोक्यावर नाचतोय. एक वेळ हात चुकला तर आठही वाया. माझ्या वहीत या पानावर फक्त 'बाप रे' लिहिलंय.

'सेव्हन चान्सेस' (१९२५) मला बराचसा कंटाळवाणा वाटला, शेवट सोडून. त्या शेवटाची गोष्ट अशी की प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळात लोक अनपेक्षितपणे एका जागी हसले: उतारावरून धावताना त्याच्या पायाने दोन-चार दगड सुटले होते. कीटनने परत जाऊन कागदाचा लगदा आणि तारांचे दगड बनवून घेतले, मुठीएवढ्यापासून माणसाहून मोठ्यापर्यंत, आणि डोंगरच घरंगळवला.

आता 'द जनरल'. १८६२ च्या अमेरिकी यादवीत इंजिन पळवून नेल्याची खरी घटना, चित्रण ऑरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हला. दोन जागा मी सात-आठदा मागे नेल्या. एक, तो खिन्न होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो, आणि इंजिन सुरू होऊन त्याला वरखाली करत नेतं. कॅमेरा लांब, कट नाही. चाकं जागच्या जागी फिरली असती तर संपलाच होता. दुसरी, इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसून रुळांवर पडलेला स्लीपर, म्हणजे रुळांखाली घालतात तो लाकडी ओंडका, तो हातातल्या दुसऱ्या स्लीपरने उडवतो. कोनाचं गणित आहे ते. आणि मग जळत्या पुलावरून नदीत कोसळणारी गाडी: जुलै १९२६, एकच टेक, खर्च सुमारे ४२,००० डॉलर.

आईने विचारलं, "इंजिन खरं होतं?"

"हो."

"आणि तसंच पाण्यात सोडून दिलं?"

तसंच. दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी काढेपर्यंत ते नदीतच होतं. चित्रपट तेव्हा आपटला, हे सांगितल्यावर तिने फक्त मान हलवली.

टोपीचा अहवाल. त्याची ती चपटी टोपी तो स्वतः बनवायचा: चांगली फेल्ट हॅट कापायची आणि काठ साखरेच्या पाण्याने कडक करायचा. मी जुनी हॅट कापली, तीन चमचे साखर, कपभर कोमट पाणी, वाळायला गॅलरीत. काठ मस्त ताठ झाला. सकाळी टोपीखाली लाल मुंग्यांची रांग. कॅलिफोर्नियात मुंग्या नव्हत्या की काय! पुढच्या वेळी भोवती पाण्याची ताटली, लाडवांच्या डब्याला ठेवतो तशी.

पुढे काय, यावर घरात चर्चा आहे. 'स्टीमबोट बिल'मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत अंगावर पडते आणि तो खिडकीच्या मोकळ्या जागेत उभा राहून वाचतो. ती झलक कुणी पाहिलेली नाही? पण मी अजून पूर्ण चित्रपट पाहिलेला नाही, म्हणून वहीत पान कोरं ठेवलंय. त्यानंतर १९२८, एमजीएम या बड्या हॉलिवूड कंपनीचा करार, ज्याला तो स्वतः आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणायचा. स्वतःचा स्टुडिओ गेला, माणसं गेली, दारू वाढली, १९३३ मध्ये हकालपट्टी. बोलपट आल्यावर तर एकच चित्रपट स्पॅनिशमध्येही त्याच्याकडून पाठ करून बोलून घेतला! यादीत ते बोलपट घ्यायचे की नाही? मी म्हणतो एमजीएममधला पहिला मूकपट 'द कॅमेरामन' तेवढा घेऊन थांबू. आई म्हणते, "वाईट दिवस आले म्हणून बघायचं सोडायचं का रे?"

रविवारी 'कॉलेज'.