बास्केटबॉल पंचांची तंदुरुस्ती मोजताना

बास्केटबॉल पंचांचा दमसास तपासण्यासाठी 'फिबा' ही आंतरराष्ट्रीय संघटना २० मीटरची शटल रन, म्हणजेच बीपच्या तालावर २० मीटरचे अंतर पुन्हापुन्हा ये-जा करत धावण्याची, आपल्याकडे बीप टेस्ट या नावाने ओळखली जाणारी चाचणी वापरते. मॉन्ट्रियल विद्यापीठातील लुक लेजे यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेल्या या चाचणीच्या रूढ स्वरूपात धावण्याचा वेग ताशी ८.५ किलोमीटरपासून सुरू होतो आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. चाचणी स्वस्त आहे, अनेकांची एकाच वेळी घेता येते आणि निकालाबाबत वाद फारसा होत नाही; म्हणून ती टिकून राहावी, असेच मला वाटते.

मात्र तेवढ्यावर पंच तंदुरुस्त ठरवणे मला पटत नाही. शटल रनमध्ये वेग ठरलेला असतो आणि तो हळूहळू वाढतो. सामन्यात पंच काही क्षण जवळजवळ स्थिर उभा असतो आणि चेंडू हिरावला जाताच ट्रेलच्या, म्हणजे खेळाच्या मागच्या बाजूच्या जागी असलेल्या पंचाला नवा लीड, म्हणजे खेळाच्या पुढे राहणारा पंच होऊन, मान चेंडूकडे वळलेली ठेवत, समोरच्या एंडलाइनकडे, म्हणजे बास्केटमागच्या सीमारेषेकडे सुसाट धावावे लागते. तिथे पोहोचल्यावर, श्वास अजून बसलेला नसताना, चार्ज (आक्रमकाने बचावपटूला दिलेली धडक) की ब्लॉक (बचावपटूने आक्रमकाला केलेला नियमबाह्य अडथळा) हे त्याने डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच ठरवायचे असते. थांबणे, वळणे, बाजूला सरकणे, पुन्हा वेग घेणे हे सारे २८ मीटर लांबीच्या मैदानावर १० मिनिटांच्या चारही डावांत चालू राहते. म्हणून छोट्या वेगवान धावा मध्ये अल्प विश्रांती देऊन पुन्हापुन्हा करायला लावणे आणि सामन्यादरम्यान हृदयगतीची नोंद ठेवणे, या दोन गोष्टींची जोड शटल रनला मिळाली पाहिजे. दमलेल्या पंचाला सामन्याची चित्रफीत दाखवून निर्णय विचारणे तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पाय साथ देत असले तरी नजर आधी थकू शकते.

नियमांनुसार सामन्याला दोन किंवा तीन पंच असू शकतात. आपल्याकडच्या स्थानिक स्पर्धांत बहुधा दोघेच असतात, सिमेंटच्या उघड्या मैदानावर उन्हात उभे असतात आणि लागोपाठच्या सामन्यांना त्यांनाच उतरवले जाते. अशा पंचाची चाचणी हंगामाच्या तोंडावर एकदाच उरकण्याऐवजी हंगामाच्या मध्यावर पुन्हा घ्यावी, त्याआधी वैद्यकीय तपासणी सक्तीची करावी आणि सामन्यांचे वाटप करताना दोन सामन्यांमधील विश्रांतीचाही विचार व्हावा.