सोडलेल्याची किंमत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून दे, असा समितीतल्या वर्गमित्राचा फोन आला आणि सवयीनं मी आधी हिशेब केला. दोन पानं म्हणजे एक रविवार. त्या रविवारी मायला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरलं होतं, ते आठ दिवस पुढं जाणार. म्हणजे या लेखाला कागद-पेन नाही, मायची आठ दिवसांची अंधूक नजर खर्ची पडली. सगळ्या गोष्टींकडं असं बघायची खोड मला याच शाळेत लागली, अकरावी कलाच्या पत्र्याच्या खोलीत.

आमची तुकडी १९९२ ते ९४ ची. मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून एसटीनं यायची. अर्थशास्त्राचे सर ऊसपट्ट्यातून आलेले, पाणी मोजून वापरतात हेच त्यांना इथं आल्यावर कळलेलं. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर रॉबिन्स या अर्थतज्ज्ञाची अर्थशास्त्राची १९३२ची व्याख्या लिहिली : गरजा अमर्याद, साधनं मर्यादित आणि पर्यायी उपयोगाची. मार्शल आणि रॉबिन्स यांच्या व्याख्यांची तुलना परीक्षेत हमखास यायची, त्यामुळं आम्ही ती पाठच केली. पण सरांनी 'पर्यायी' या एका शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "बाकीचं विसरलात तरी चालेल. एक घागर पाणी आहे. ती म्हशीला पाजली तर धुण्याला उरत नाही. इथून पुढचं सगळं पुस्तक या घागरीत आहे."

पुस्तकात मात्र घागर नव्हती, सफरचंद होतं. पहिल्या सफरचंदापासून मिळणारी उपयोगिता, म्हणजे समाधान, जास्त, दुसऱ्यापासून कमी, तिसऱ्यापासून आणखी कमी. आमच्यातल्या निम्म्यांनी सफरचंद फक्त दवाखान्यात, कुणाच्या तरी उशाला ठेवलेलं पाहिलं होतं. ओळीनं चार सफरचंदं खाणारा माणूस आम्हाला कल्पनेतही दिसेना. सरांना ते कळलं, पण दुसरं उदाहरणही सापडत नव्हतं. ते सापडलं आमच्या शेतात.

त्या वर्षी येळवशीला अण्णांनी सरांना जेवायला बोलावलं. वेळ अमावस्या हे प्रकरण त्यांना माहीतच नव्हतं. सगळा गाव शेतात कसा जातो, बाजारपेठ ओस कशी पडते, याचं त्यांना नवल वाटत राहिलं. कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसली. भज्जी झाली, उंडे झाले, आंबिल आली. पहिला तांब्या सरांनी डोळे मिटून संपवला. दुसरा सावकाश. तिसऱ्याला "पुरे" म्हणाले. चौथ्याला तांब्यावर आडवा हात धरला. आमच्याकडं आडव्या हाताला कोण विचारतो? अण्णांनी बोटांच्या फटीतून ओतली. दुसऱ्या दिवशी सर उशिरा आले, जरा वाकूनच चालत होते, आणि फळ्यावर तक्ता काढला : पहिला तांब्या २०, दुसरा १४, तिसरा ६, चौथा ०, पाचवा उणे ५. "चौथ्यापर्यंत एकूण उपयोगिता ४० झाली, इथं ती सगळ्यात जास्त. सीमान्त, म्हणजे शेवटच्या तांब्याची, उपयोगिता शून्य झाली की थांबायचं असतं. यांचे वडील थांबू देत नाहीत." वर्ग माझ्याकडं बघून हसला. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम त्या तुकडीत कुणी विसरलं असेल असं मला वाटत नाही. मुलं सरांना तेव्हापासून 'आंबिल सर' म्हणायला लागली.

आता ज्या तासासाठी मी हे लिहायला बसले, तो.

पावसाळ्याचे दिवस होते, खुरपणीचा हंगाम. सरांनी विचारलं, "मुलींना फी किती?" आम्ही म्हणालो, माफ. "मग शाळा फुकट?" सगळ्या म्हणालो, हो. त्यांनी मला उभं केलं. "आज तू इथं नसतीस तर कुठं असतीस?"

"खुरपायला."

"रोज किती मिळतो?"

"पंधरा रुपये."

त्यांनी फळ्यावर १५ लिहिलं. मग ओळीनं सगळ्यांना विचारत गेले. कुणी हॉटेलात कपबशा विसळल्या असत्या, कुणी लातूरला हमाली केली असती, एकानं मामाच्या शेळ्या राखल्या असत्या. त्याच्या कामाचा रोज काढायला वेळ लागला. आकड्याखाली आकडा चढत गेला. बेरीज सहाशेच्या वर गेली. सर खडू ठेवून म्हणाले, "या खोलीचं हे आजचं भाडं. पावती फाडत नाहीत म्हणून भाडं नाही असं समजू नका. कुणीतरी भरतंय." पुस्तकात याला वैकल्पिक खर्च म्हणत. सर 'सोडलेल्याची किंमत' म्हणत, आणि सांगत की एखाद्या निवडीची किंमत म्हणजे तिच्यापायी सोडलेल्या सगळ्या गोष्टींची बेरीज नव्हे. त्यातली जी सगळ्यात मोलाची, तेवढीच. माणूस एका दिवशी एकाच बांधावर खुरपतो.

त्या संध्याकाळी एसटीत खिडकीला डोकं टेकून मी माझं भाडं कोण भरतंय ते शोधलं. फार शोधावं लागलं नाही. माझी धाकटी बहीण त्याच जूनमध्ये सातवीतून घरी बसली होती. घरात कुणी काही ठरवल्याचं मला आठवत नाही. चर्चा नाही, भांडण नाही. मी अकरावीला गेले आणि माझं खुरपं तिच्या हातात गेलं, इतकंच. ती माझ्यापेक्षा गणितात चांगली होती. मी विचारलं तर म्हणाली, "अक्का, मला तसंबी साळंत करमत नव्हतं." मी ते खरं मानलं, कारण ते खरं मानण्यात माझी सोय होती.

अण्णांना दोष देऊ नये असं मला तेव्हाही वाटलं. दोन मुली, एक खुरपं रिकामं ठेवायची ऐपत, त्यात त्यांनी एकीला निवडलं. कुणाला निवडलं याचा मात्र त्यांच्याकडं हिशेब नव्हता. मी थोरली, एवढंच.

बारावीत सर आम्हाला लातूरच्या आडत बाजारात घेऊन गेले. मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा कुठं छेदतात ते दाखवतो म्हणाले. आम्ही खरंच रेषा शोधत होतो. सौदा निघाला, भाव फुटला, थोड्या वेळात ढिगामागून ढीग गेले. सरांनी एका शेतकऱ्याला विचारलं, भाव पटला का? तो म्हणाला, "न पटून काय करता? परत न्यायचं भाडं तुमी देताव का?" येताना एसटीत सर गप्प होते. मग म्हणाले, पूर्ण स्पर्धेचा धडा उद्या परत घेऊ. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की बाजारात विकणारे शेकड्यानं आणि घेणारे बोटावर मोजण्याइतके असले, आणि विकणाऱ्याला माल परत नेता येत नसला, तर रेषा छेदतात खऱ्या, पण छेद कुणाच्या बाजूला सरकतो ते बघा. पट्टी, म्हणजे आडत्याकडून मिळणारी विक्रीची पावती, कशी वाचायची तेही त्यांनीच शिकवलं : वरचा आकडा भावाचा, मग हमाली, तोलाई, आणि शेवटी हातात येतं ते. आजही माझा डोळा आधी शेवटच्या ओळीवर जातो.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यात. आमच्या घराची मागची भिंत तेवढी गेली. वर्गातल्या काहींचं पाठीमागं काहीच उरलं नाही. त्याबद्दल या अंकात इतरांनी लिहिलंच असेल, त्यांचा तो अधिकार आहे. मला एक गोष्ट नोंदवायची आहे. शाळा पुन्हा भरली त्या दिवशी सर सवयीनं मागणीचा नियम लिहू लागले, "इतर परिस्थिती कायम असताना," आणि थांबले. तळहातानंच पुसलं. डस्टर शेजारीच होतं.

पुढं मी बी. ए., एम. ए. केलं आणि एका ग्रामीण बँकेत लागले. वाटलं, आता पुस्तक आणि आयुष्य एकाच टेबलावर आलं. तसं काही होत नाही.

अण्णांनी तीन बोअर पाडले. पहिला कोरडा. दुसऱ्याला थोडी ओल लागली, महिनाभरात गेली. तिसऱ्याच्या वेळी मी मध्ये पडले. म्हटलं, "बुडालेला खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. आधीचे दोन गेले ते गेले. फक्त तिसऱ्याला पाणी लागेल का एवढंच बघा." अण्णा शांतपणे म्हणाले, "तुझ्या पुस्तकात धरत नसतील. ज्याच्याकडून उचलले तो धरतोय." मला उत्तर देता आलं नाही. बुडालेला खर्च बुडतो, त्यासाठी काढलेलं कर्ज तरंगत राहतं. पुस्तकातला नियम चुकीचा नाही, पण तो ज्याच्या खिशातला पैसा स्वतःचा आहे त्याच्यासाठी लिहिलेला आहे. शिवाय आमच्या शिवारात प्रत्येकानं खोल बोअर पाडला की शेजाऱ्याचं पाणी खाली जायचं, आणि शेजारी आणखी खोल जायचा. ज्याचं त्याच्या पुरतं शहाणपण, सगळ्यांचं मिळून वाटोळं. सरांनी त्यासाठी गायरानाचं उदाहरण दिलं होतं. आम्हाला वाटलं होतं, ते गुरांबद्दल बोलतायत.

आणि तूर. २०१५च्या शेवटाला तूरडाळ किलोला दोनशेपर्यंत गेली. पुढच्या खरिपाला मी अण्णांना आणि बहिणीला दोघांनाही सांगितलं, यंदा तूरच लावा. एम. ए.ला मी कोळ्याच्या जाळ्याची आकृती काढून मार्क मिळवले होते : शेतकरी यंदाचा भाव बघून पुढच्या वर्षीचा पेरा ठरवतो, सगळ्यांनी पेरलं की भाव पडतो, मग कुणी पेरत नाही, भाव चढतो, आणि रेष जाळ्यासारखी गोल गोल फिरते. आकृती माझी पाठ होती. ती आकृती म्हणजे आपण, हे लक्षात आलं नाही. अण्णांनी माझं ऐकलं. बहीण म्हणाली, "अक्का, समदेच तूर पेरायलेत. मग मी कशाला?" तिनं निम्म्या रानात तूर आणि निम्म्यात सोयाबीन केलं.

२०१६ला पाऊस चांगला झाला, तूर अमाप आली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता. खरेदी केंद्रावर टेम्पोंच्या रांगा आणि बारदाना नाही. अण्णांनी आठ दिवस वाट बघितली आणि चार हजारांच्या घरात आडतीला घालून आले. पट्टी मला दाखवली नाही. डाळीसारख्या रोजच्या जिनसेची मागणी लवचीक नसते, भाव निम्मा झाला म्हणून कुणी दुप्पट वरण खात नाही, म्हणूनच पीक जास्त आलं की पैसा कमी येतो. हे मी नंतर बहिणीला समजावून सांगत होते. ती म्हणाली, "होय की," आणि भाकरी उलटली.

त्याच २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मी स्टेशनात गेले नाही, पण नळाला हंडा लावून बसलेली असताना सरांचा जुना प्रश्न आठवला. अॅडम स्मिथनं १७७६मध्ये विचारला होता : पाण्यावाचून माणूस मरतो, हिऱ्यावाचून कुणी मरत नाही, मग हिरा महाग आणि पाणी स्वस्त का? त्याचं नीट उत्तर यायला जवळपास शंभर वर्षं लागली : किंमत एकूण उपयोगावर नाही, शेवटच्या घागरीच्या उपयोगावर ठरते. ज्याच्याकडं दहा घागरी आहेत त्याची दहावी अंगणात शिंपडायला जाते. त्या उन्हाळ्यात लातूरकडं दहावी नव्हती. पहिलीच होती. सर त्याआधीच निवृत्त होऊन गावी गेले होते. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "तुमच्याकडचं उदाहरण नेहमी पुस्तकाच्या पुढं असतं."

सुवर्णमहोत्सवी निधीसाठी मी काही रक्कम पाठवली आहे. खजिनदारांनी पावतीवर माझं नाव घातलं होतं, ते बदलून माझ्या बहिणीचं करावं अशी विनंती मी पत्रानं केली. त्यांचं उत्तर आलं, की देणगीदारांच्या यादीत माजी विद्यार्थी, माजी शिक्षक, पालक आणि हितचिंतक असे चार रकाने आहेत, आणि त्या यातल्या कुठल्या? ती या शाळेत एकही दिवस बसली नाही. माझ्या दोन वर्षांचं भाडं तिनं भरलं. रकाना समितीनं ठरवावा.