मेरी रीबीची वंशावळ : १८२८ च्या शिरगणतीची गाठ सुटली

इंग्लंडमधून कैदी म्हणून ऑस्ट्रेलियात आलेल्या आणि तिथल्या वीस डॉलरच्या नोटेवर जिचा चेहरा आहे त्या मेरी रीबीचा १७७७ ते १८२८ हा काळ आता कागदोपत्री जुळला. सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो १८२८ च्या शिरगणतीने.

न्यू साउथ वेल्स या तिथल्या ब्रिटिश वसाहतीच्या या शिरगणतीत प्रत्येक नावापुढे तो माणूस वसाहतीत कसा आला याचं लघुरूप असतं. 'सी एफ' म्हणजे मोकळा आलेला, 'बी सी' वसाहतीत जन्मलेला, 'एफ एस' शिक्षा भोगून सुटलेला. मेरी 'एफ एस' असायला हवी. तिने मात्र 'मोकळी आले, १८२१' असं सांगितलं. तिला अगदीच खोटं म्हणता येत नाही. १८२० मध्ये सेलिया आणि एलायझा या मुलींना घेऊन ती इंग्लंडला गेली आणि पुढच्या वर्षी कोणाचीही कैदी नसलेली बाई म्हणून परतली. पण आपण १८२१ हेच आगमनाचं साल धरलं, तर १७९६ मध्ये जन्मलेला थोरला मुलगा कोणाचा, हा पेच पडतो आणि वंशवृक्षात दोन मेरी तयार होतात. म्हणून शिरगणतीतलं आगमन कधीही एकटं घेऊ नये. मुलांच्या जन्मसालांशी आणि जहाजावरच्या कैद्यांच्या यादीशी, म्हणजे इंडेंटशी, ताडून पाहायचं आणि मगच लिहायचं.

इंडेंटकडून फार अपेक्षा मात्र नको. १७९० च्या दशकातल्या याद्यांत नाव, खटल्याची जागा, तारीख आणि शिक्षा एवढंच मिळतं. वय, जन्मगाव, धर्म हे रकाने १८२० च्या दशकात आले. त्यामुळे वय बाहेरून आणावं लागतं. मेरीचा जन्म मे १७७७ चा, लँकेशरमधल्या बरी गावचा. घोडाचोरीची शिक्षा २१ जुलै १७९१ ची, म्हणजे तेव्हा ती चौदा वर्षांची. इथे हमखास चूक होते ती अशी, की जन्म लँकेशरचा म्हणून खटलाही तिथल्याच कागदांत शोधला जातो. खटला स्टॅफर्डला झाला. ते ऑक्सफर्ड सर्किटमध्ये येतं, त्यामुळे लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या सर्किटच्या असाइझ, म्हणजे फिरत्या न्यायालयाच्या, मालिका काढायच्या. पकडली गेली तेव्हा ती मुलाच्या वेशात होती आणि नाव सांगत होती जेम्स बरो. खरी ओळख खटल्यात उघड झाली. तेव्हा शोध दोन्ही नावांनी घ्यायचा, आणि 'स्त्री' हा फिल्टर काढून टाकायचा.

या सगळ्या कागदांत मन अडकतं ते तिच्या पत्रात. 'रॉयल अॅडमिरल' जहाज ७ ऑक्टोबर १७९२ ला पोचलं आणि दुसऱ्याच दिवशी, अजून जहाजावरच असताना, तिने एका नातलग बाईला पत्र लिहिलं. आठवड्याला चार पाटलोणी शिवायच्या, एक पौंड तांदूळ आणि चार पौंड डुकराचं मांस मिळणार. पंधरा वर्षांची पोर हिशेब मांडते आहे. याच पत्रात शिक्षा जन्मठेपेची असल्याचं कानावर आल्याचंही आहे आणि सात वर्षांचीही आहे. खरी सातच. पत्रावर ठिकाण 'बॉटनी बे' आहे, पण जहाज लागलं ते सिडनीला. त्या काळी अख्ख्या वसाहतीला बॉटनी बे म्हणत, म्हणून पत्रातलं ठिकाण जसंच्या तसं नकाशावर टाकू नये.

नवरा थॉमस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला. लग्न ७ सप्टेंबर १७९४. आडनाव आपण देवनागरीत एकच लिहितो, रोमनमध्ये ते आर-ए-बी-वाय, आर-ई-आय-बी-वाय, आर-ई-आय-बी-ई-वाय असं बदलत राहतं. शोधाच्या रकान्यात आर, तारा (*, म्हणजे मधली कोणतीही अक्षरं), बी, तारा, वाय असं टाकलं की तिन्ही सापडतात. मात्र सालांची मर्यादा दहा वर्षांहून मोठी ठेवली तर नको ती नावं शेकड्यांनी येतात.

आता थॉमसांची गर्दी. नवरा थॉमस, मुलगा थॉमस, आणि १८७६ मध्ये टास्मानियाचा प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख, झालेला नातू थॉमस. शिवाय सेलियाचा नवरा थॉमस विल्स आणि एलायझाचा थॉमस थॉमसन! प्रत्येकाला जन्मसालासकट क्रमांक दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. विल्स घराण्याची फांदीही आत्ताच जोडून ठेवावी. एडवर्ड विल्स हा मेरीच्या नवऱ्याचा धंद्यातला भागीदार. दोघेही १८११ मध्ये वारले. एडवर्डच्या विधवेने पुढे 'सिडनी गॅझेट'चा मुद्रक जॉर्ज हाऊ याच्याशी लग्न केलं. हे वृत्तपत्र १८०३ पासूनचं ट्रोव्हवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, फुकट वाचता येतं आणि व्यापाऱ्यांच्या जाहिराती त्यात भरपूर आहेत.

जमिनीच्या नोंदी लावताना हॉक्सबरी नदीकाठची शेतं 'रिकामी जमीन' म्हणून दाखवू नयेत. तो दारुग या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख होता. वंशवृक्षाच्या टिपेत ते यायलाच हवं.

मेरी ३० मे १८५५ ला सिडनीच्या न्यूटाउनमध्ये वारली. न्यू साउथ वेल्समधली सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ मार्च १८५६ पासूनची. त्यामुळे आईवडिलांची नावं असलेला मृत्यूदाखला मिळणार नाही, चर्चची दफननोंदच काढायची. टास्मानियात गेलेल्या शाखेला ही अडचण कमी, कारण तिथली नोंदणी डिसेंबर १८३८ पासूनची.

आपल्या कुलवृत्तान्तांच्या सवयीने मुलींच्या फांद्या लग्नापाशी तुटतात. इथे मूळपुरुषाच्या जागी मूळस्त्री आहे आणि सात मुलांपैकी चार मुली आहेत. पुढचं काम त्या चौघींपासून, आणि सुरुवात सेलियापासून.