अकरा की बारा

होळी झाली की आमच्या घरचे स्वेटर धुऊन कपाटाच्या वरच्या फळीवर जातात. ठाण्यात स्वेटर लागतो किती, हा प्रश्न विचारायचा नसतो. चार दिवस गावाला आणि एखादी रात्र कुणाच्या तरी लग्नाच्या लॉनवर. तरी हा विधी दरवर्षी होतो. परवा दुपारी बायकोने माझ्या राखाडी स्वेटरचे खिसे चाचपले आणि काळीठिक्कर, वाळून वळलेली अर्धी शेंग माझ्यासमोर धरली.

"हे काय?"

"वालाची शेंग."

"ते कळतंय मला. खिशात काय करतेय?"

"असेल कुठलीतरी," म्हटलं आणि सकाळीच वाचून झालेला पेपर पुन्हा उघडला.

बाहीला ठिणगीचं एक भोकही होतं, त्यावर ती काही बोलली नाही. स्वेटर बादलीत जाण्याआधी मी तो नाकाला लावून घेतला. दीड महिना झाला तरी वास होताच. नुसत्या धुराला असा वास नसतो. भांबुर्डीचा, म्हणजे बांधावर उगवणाऱ्या एका रानटी झुडपाचा, पाला ज्याने हुंगलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने हुंगला नाही त्याला सांगता येत नाही. कच्चा असताना तो कापूर आणि रॉकेल यांच्या मधोमध कुठेतरी वास मारतो. हे खायच्या गोष्टीत घालावं असं पहिल्यांदा ज्याला सुचलं तो एक तर अत्यंत भुकेला असणार किंवा सर्दीने बेजार. पण तोच पाला मडक्यात शेंगांबरोबर तापला की काय होतं कोण जाणे, रात्री अर्ध्या गावाच्या पोटात कावळे ओरडायला लागतात.

आमच्या लहानपणी पोपटीला, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून खाण्याच्या बेताला, 'कार्यक्रम' म्हणत नसत. अलिबाग तालुक्यातलं गाव. भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे आणि जानेवारीत शेंगा भरल्या की संध्याकाळी कुणीतरी नुसतं म्हणायचं, "आज लावायची का?" की लागली. शेंगा कुणाच्या शेतातल्या हे अंधारात कोण बघतो! बांधावरचा पाला ओरबाडून आणणं हे पोरांचं काम. दोन दिवस हाताचा वास जात नसे. शाळेत गुरुजी हजेरी घेताना नाक वर करून म्हणायचे, "काल कुठे लागली होती?" आजी ओवा आणि जाडं मीठ कागदाच्या पुडीत बांधून द्यायची. मडक्याच्या तळाला पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, कधी जमलंच तर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. मडकं जमिनीवर उपडं घालायचं, भोवती पेंढा, झावळ्या, काटक्या रचायच्या आणि काडी लावायची.

बस्स. त्यानंतर करण्यासारखं काहीच उरत नाही, आणि माझी सगळी अडचण तिथेच आहे.

बायको सोलापूरकडची. हुरडा सरस की पोपटी यावर आमच्या घरात लग्नाला जेवढी वर्षं झाली तेवढी वर्षं चर्चा चालू आहे. चवीच्या बाबतीत मी हार मानत नाही, पण एक मुद्दा तिचा खरा आहे. आगटीत कणीस भाजतं ते डोळ्यांसमोर. रंग बदलला, काढलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली, खाल्लं. पोपटीत मात्र सगळा कारभार उपड्या मडक्याखाली. तुम्ही समोर बसायचं आणि आत काहीतरी बरं चाललं असेल असं धरून चालायचं.

मला ते कधीच जमलं नाही. नऊ वर्षांचा होतो. पोपटी लागलेली, मोठी माणसं बाजूला गप्पा मारत बसलेली. मला राहवेना. एक लांब काठी घेतली आणि मडकं जरासं, अगदी जरासंच, कलतं केलं. खालचा पाला भसकन बाहेर आला, वाफ गेली, जाळ आत शिरला. त्या रात्री निम्म्या शेंगा करपलेल्या आणि निम्म्या कचकचीत कच्च्या. कुणी मला मारलं नाही. सगळ्यांनी निमूट खाल्लं, तेच फार लागलं. पुढच्या वर्षी मधल्या काकाने मला बांधावर नेलं, पोपटीकडे पाठ करून बसवलं आणि म्हणाला, "वलून बघशील त तुला शेंग नाय." पाऊण तास मी समोरच्या अंधारात कनकेश्वराचा डोंगर शोधत बसलो होतो.

असा माणूस पुढे बँकेत लागला, आयुष्यभर रकाने भरत राहिला, निवृत्त झाला आणि गावाच्या दीडशे माणसांच्या पोपटीची व्यवस्था त्याच्याकडे आली.

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस. मुंबई, ठाणे, डोंबिवलीत पांगलेलं सगळं गाव येणार, सकाळी शाळेत झेंडावंदन आणि संध्याकाळी पोपटी असं ठरलं. गावाच्या ग्रुपवर पन्नास अंगठे उठले. एक्कावन्नाव्या माणसाने लिहिलं, "सोमवार आहे."

झालं. सोमवार पाळणारे निघाले एकेचाळीस. त्यात मीही होतो. मी मोठ्या तडफेने लिहिलं होतं की मी गेली वीस वर्षं सोमवार पाळतो, माझा विचार करू नका. असं लिहिलं की लोक विचार करतातच. दोन दिवस खल होऊन पोपटी रविवारी, २५ तारखेच्या रात्री लावायची ठरली. लगेच पुढची शंका: बाराच्या आत आटोपेल का? बारा वाजले की सोमवार लागतो. त्यावर गावातल्या एका जाणत्या आजोबांनी नातवाच्या फोनवरून आवाज रेकॉर्ड करून निकाल पाठवला. तारीख बदलते रात्री बाराला, ती सायबाची. आपला वार सूर्योदयाला बदलतो. सूर्य उगवेपर्यंत रविवारच. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. हा निकाल पुढे माझ्या उपयोगी पडणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

मी एक्सेलमध्ये तक्ता केला. माणसं १५०. शेंगा ४० किलो, बटाटे १२, रताळी ८, अंडी १६०, कोंबडी १५ किलो, ओवा पाऊण किलो. यातला प्रत्येक आकडा चुकला, पण ओव्याचा सगळ्यात जास्त. अर्धा अजून आमच्या डब्यात आहे आणि घरात पोट कुणाचंही दुखलं तरी मला टोमणा बसतो. मग रकाने: शाकाहारी, मांसाहारी, आणि 'अंडं चालतं पण कोंबडीच्या मडक्यातलं नको'. या तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त माणसं होती. कुंभाराकडून बारा मडकी आणली. सात शाकाहारी, पाच मांसाहारी. ओळखू यावीत म्हणून शाकाहारी मडक्यांवर मी स्वतःच्या हाताने चुन्याचे ठिपके काढले. जाळात मडकं काजळीने काळं होतं आणि चुना त्याखाली जातो ही गोष्ट, बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सुचायला हवी होती. काकाला सुचली. तो म्हणाला, "दोन वेगल्या जागा कर." केल्या. शाकाहारी पूर्वेला, मांसाहारी पश्चिमेला, मध्ये पाण्याचं पिंप.

टेम्पोतून उतरवताना एक मडकं फुटलं. तक्त्यात बाराचे अकरा केले. मांसाहारी पाचचे चार.

संध्याकाळी वारा पडेपर्यंत काकाने काडी लावू दिली नाही. पेंढ्याची गंजी शंभर पावलांवर होती. अंधार पडल्यावर दोन्हीकडे जाळ उठले आणि दीडशे माणसं एकदम गप्प झाली. एवढ्या माणसांना गप्प करणारी गोष्ट मी बँकेत कधी पाहिली नाही. मग अर्थात सगळी एकदम बोलायला लागली आणि प्रत्येकाला लाकूड कुठे सरकवायचं ते माहीत होतं. पोपटीला जाणकार आणि जावई कधी कमी पडत नाहीत.

तेवढ्यात न्यू जर्सीहून चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याची सकाळ, बाहेर बर्फ. त्याच्याकडे ४ जुलैला मराठी मंडळींचा बार्बेक्यू असतो. ती गोल, झाकणाची शेगडी मागच्या उन्हाळ्यात मीही पाहून आलोय. तिची गोष्ट मला फार आवडते. १९५२ साली शिकागोच्या एका पत्र्याच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस कामाला होता. कारखान्यात समुद्रातले बोये बनायचे. शेगडीतल्या वाऱ्याला आणि राखेला वैतागून त्याने एक बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्यात निखारे, वरचा अर्धा झाकण. आम्ही जन्मभर बोये बघत आलो, पण कापायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्हाला उपडं मडकं पुरलं. गुजरातेत वलसाडकडे हायवेला उंबाडियू, म्हणजे तिकडची पोपटीच, लावतात, त्यांनाही तेच पुरलं.

भाऊ विचारत होता, "टेम्परेचर कसं बघता रे? चिकन आतून १६५ फॅरनहाइट व्हायला पाहिजे. मी तर थर्मामीटर खुपसतो."

मी फोन काकासमोर धरला. काकाने प्रश्न ऐकला, पिंपात हात बुडवला आणि जवळच्या मडक्यावर शिंतोडे उडवले. चर्र झालं. त्याने क्षणभर कान दिला.

"अजून धा मिनटा," तो फोनला म्हणाला.

भाऊ म्हणाला, "हे किती फॅरनहाइट?"

मी त्या वेळी घड्याळ बघत होतो, तक्ता बघत होतो आणि पश्चिमेच्या जाळाभोवती चौथी फेरी मारत होतो. काकाने वळून माझ्याकडे पाहिलं. ऐंशीच्या पुढचा माणूस. काही बोलला नाही, फक्त बोट फिरवून खूण केली: पाठ कर. आणि मी, नातवंडं असलेला गृहस्थ, बांधावर जाऊन पाठ करून बसलो. ठिणगी बहुतेक तिथेच उडून बाहीवर पडली.

मडकी काढली. चटईवर पालथी केली. वाफ, हिरवट काळ्या शेंगा, तडकलेली अंडी, बोटं भाजणारी माणसं. याचं वर्णन करत नाही, तोंडाला पाणी सुटतं आणि आता थेट पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायचं आहे. एका मुलाने टोमॅटो सॉस मागितला, त्याच्या आईवडिलांचं नाव मी मनात लिहून ठेवलं आहे.

साडेदहाच्या सुमाराला काका म्हणाला, "एक मरका राह्यलाय."

मी तक्ता दाखवला. अकरा लावली, अकरा निघाली.

"बारा."

"काका, एक टेम्पोत फुटलं."

"बारा," तो म्हणाला आणि काठी टेकत झोपायला गेला. मी मोठ्याने सगळ्यांना म्हणालो की काकाचं आता वय झालं. सगळ्यांनी मान डोलावली. कोंबडी दहा-बारा जणांना पुरली नव्हती आणि तो दोष सरळ माझ्या तक्त्यावर आला होता, म्हणून मी जरा चिडूनच बोललो असेन.

सकाळी साडेसहाला जाग आली. झेंडावंदन आठला. मी स्वेटर चढवून शेतावर गेलो, निखारे विझलेत का बघायला. हे कारण मी स्वतःला दिलं होतं. पश्चिमेच्या राखेच्या कडेला, ढासळलेल्या मातीआड, एक ढिगारा जास्तच गोल दिसला. काठीने राख सारली. मडकं होतं. नव्यांपैकी नव्हतं, काठाला टवका उडालेलं जुनं. लहानपणी आमच्या माळ्यावर असायचं ते. फुटलेल्याच्या जागी काकाने कधी भरून लावलं, त्याने ते कुणाला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

अजून कोमट होतं. पाला काढला. शेंगा कोळशाकडे झुकलेल्या, पण आतले दाणे लोण्यासारखे. आणि मध्ये केळीच्या पानाची पुडी, सुतळी जळालेली.

मी पूर्वेकडे पाहिलं. डोंगराच्या मागे तांबडं फुटलं होतं. सूर्य दिसत नव्हता. आजोबांच्या निकालाप्रमाणे रविवार चालू होता.

मी घाई केली, एवढंच लिहितो.

मडकं नळावर घासून काकाच्या पडवीत पालथं ठेवलं आणि उरलेल्या शेंगा मुठीत घेऊन शाळेकडे निघालो. पोचेपर्यंत एकच उरली, तीही अर्धी. काका पहिल्या रांगेत खुर्चीवर, धुतलेली टोपी घालून. माझ्या काळ्या ओठांकडे त्याने एकदा पाहिलं.

"किती?"

"बारा," मी म्हटलं.

"मीठ?"

"बरोबर होतं."

तेवढ्यात जन गण मन सुरू झालं. सावधान उभं राहायचं होतं, हातात अर्धी शेंग होती. ती खिशात टाकली.