सातव्या घरातला बुध

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वाचक जमतात. एक पुस्तक ठरतं, महिनाभर ते हातोहात फिरतं आणि मग सगळे बसून बोलतात. ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे प्रती जमवणं, खुर्च्या मांडणं आणि चहा सांगणं एवढंच असतं. एकोणीस वर्षांत अशा कितीतरी संध्याकाळी झाल्या. दिवाळीनंतरचा तो शनिवार मात्र मी कधी विसरणार नाही.

पुस्तक होतं एक ऐतिहासिक कादंबरी. नाव देत नाही, कारण पुढे तिचं गुपित उघडं होणार आहे आणि ज्यांनी ती वाचली नाही त्यांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. गोष्ट एका काल्पनिक संस्थानाची. राजाला उतारवयात मूल होतं, तेही लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री. दिवाणाला स्वतःच्या घरातला मुलगा गादीवर दत्तक बसवायचा असतो. तो दरबारच्या जोशीबुवांना धाक घालून बाळाची कुंडली अल्पायुषी मांडायला लावतो. पाचवीच्या आतच बाळ गेल्याची बातमी येते, जोशीबुवा काशीला निघून जातात, आणि शेवटच्या पानावर दत्तक मुलाच्या मिरवणुकीत घोड्याचा लगाम धरून दिवाणाच्या पागेतला एक पोरगा उभा असतो. बस, तिथेच कादंबरी संपते.

या शेवटावरच सगळ्यांची नाराजी होती. अर्धवट सोडलंय, लेखकाला पुढचं सुचलंच नाही, असं एकजात मत. प्रत परत करताना काउंटरवरही मी हेच ऐकत होते. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

इतिहासाचे निवृत्त सर पहिले बोलले. त्यांना कारस्थान लेचंपेचं वाटलं. "आपल्या भोसल्यांच्या घरात काय कमी झालं?" ते म्हणाले. "दुसरे रघुजी गेले मार्च १८१६ मध्ये. गादीवर परसोजी, प्रकृतीनं अधू. कारभार कोणाच्या हाती राहावा म्हणून इकडे रघुजींची राणी बाकाबाई, तिकडे त्यांचा पुतण्या आप्पासाहेब. मे महिन्यात आप्पासाहेबांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी बिछान्यात मृत सापडले, आणि आप्पासाहेब तेव्हा चांद्याला! वर्ष संपायच्या आत त्याच इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई. हे असं असते राजकारण. कुंडलीवर कुठं राज्य जाते जी? १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, मागे मुलगा नव्हता, डलहौसीनं दत्तक मानला नाही, राज्य खालसा झालं. त्याला कोणत्या जोशाला विचारावं लागलं?"

सर बोलायला लागले की जुना महाल डोळ्यांपुढे उभा राहतो. पण मी त्यांना एवढंच म्हटलं, की सर, दत्तकाचाच प्रश्न इथेही आहे. फक्त इथे तो मानला जावा म्हणून खरा वारस आधी वाटेतून काढला आहे. ते मान हलवून गप्प बसले.

मग प्रसूती वॉर्डात तीस वर्षं काढलेल्या काकू बोलल्या. त्यांचा आक्षेप बारीक होता. बाळ गेल्याचं कळल्यावर दिवाण सुईणीला सोन्याच्या पाटल्या देतो, असं एक वाक्य आहे. "मी इतकी बाळंतपणं केली. बाळ गेलेल्या घरातून कोणी सुईणीला पाटल्या देत नाही. मी तर कधी पाहिलं नाही. हे लिहिणाऱ्याला कळायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. लेखकाची चूक म्हणून त्यांनी ते सांगितलं आणि आम्हीही ते तसंच घेतलं.

नंतर गुरुजी. वय ऐंशीच्या पुढे, पत्रिका बघणं हा घराण्याचा व्यवसाय. सतराव्या प्रकरणात जोशीबुवांनी मांडलेली कुंडली चौकटीसह छापली आहे. गुरुजींनी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं आणि बोट त्या पानावर टेकवलं.

"ही कुंडली जगात कोणाचीच असू शकत नाही."

सगळे पुढे सरकले. त्यांनी एकेक घर दाखवलं. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, तेव्हा सूर्य आणि चंद्र दोघेही तुळेत. जन्म मध्यरात्रीचा, म्हणून लग्न, म्हणजे जन्मवेळी उगवणारी रास, कर्केचं, वरच्या मधल्या घरात त्या राशीचा ४ हा आकडा. तुळेचा ७ चौथ्या घरात, त्यात र. आणि चं. इथवर बिनचूक. पण खालच्या मधल्या घरात, सातव्या स्थानी, मकरेचा १० आणि त्याखाली बु.

"बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जातच नाही. तो सूर्याच्या राशीत तरी असतो, नाहीतर एक मागे किंवा एक पुढे. तूळ ते मकर म्हणजे कमीत कमी ६० अंश. पहिल्या महिन्यात शिकणारा पोरही ही चूक करणार नाही. लेखकानं कोणाला विचारलंही नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटलेलं होतं. आपल्या विद्येचं असं काहीतरी केलं याचं.

सर म्हणाले, छापताना गडबड झाली असेल, ही नवी आवृत्ती आहे, नव्यानं अक्षरजुळणी केलेली. शंका रास्त होती. आमच्याकडे पहिल्या आवृत्तीचीही एक प्रत आहे, कापडी बांधणीची. ती देवघेवीत नसते, मागच्या खोलीत वरच्या फळीवर असते. मी शिडी लावली, प्रत काढली आणि तिथेच उभ्या उभ्या सतरावं प्रकरण उघडलं. खिळ्यांचं जुनं छापकाम, पिवळा कागद. बुध मकरेतच होता. आणि त्या बु. भोवती कोणीतरी पेन्सिलीनं एक बारीक गोल काढलेला होता. समासात काही लिहिलेलं नाही, प्रश्नचिन्ह नाही. नुसता गोल.

मी प्रत बाहेर आणून टेबलावर ठेवली. कोणी काही बोलेना.

आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी भंडाऱ्याकडची एक मुलगी त्या दिवशी पहिल्यांदाच येऊन बसली होती. कोपऱ्यात, दाराजवळ. ती म्हणाली, "मॅडम, एक मिनिट. तिसऱ्या प्रकरणात पहा नं." आणि तिनं वाचून दाखवलं. जोशीबुवा आपल्या लहान शिष्याला नदीवर ग्रह शिकवत असतात. तिथे एक वाक्य आहे: बुध म्हणजे राजाचा लेक, तो बापाचं बोट सोडून लांब जात नाही.

आम्ही सगळ्यांनी ते वाचलं होतं. छान उपमा म्हणून पुढे गेलो होतो.

"म्हणजे लेखकाला माहीत होतं," ती म्हणाली. "जोशीबुवांना तर माहीत होतंच. मग सतराव्यात चुकले काहून?"

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला, पुन्हा घातला. मग अगदी हळू बोलायला लागले, जणू समोर खरंच कोणाची पत्रिका होती. "ग्रहांमध्ये रवि राजा, चंद्र राणी, बुध युवराज. शनी सेवक." ते थांबले. "मकर शनीची रास आहे. युवराज सेवकाच्या घरात बसवलाय."

काकूंच्या तोंडून निघून गेलं, "पाटल्या!"

पाटल्या बाळ गेल्याच्या नव्हत्याच. त्या बाळ उचलून दिल्याच्या होत्या. शेवटच्या पानावरचा लगाम धरलेला पोरगा कोण, हे मग कोणी कोणाला सांगावं लागलं नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. पुढची दहा मिनिटं सगळे एकाच वेळी बोलत होते, पानं उलटत होते. सरांनी शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. त्यात त्या पोराच्या कपाळाचं एक वर्णन आहे, तेच दुसऱ्या प्रकरणात राजाचं आहे.

"पण दरबारात दुसरे जोशी नव्हते का? त्यांनी लगेच चूक धरली असती," मी विचारलं.

"धरली असणार," गुरुजी म्हणाले. "ज्याला दिसलं त्याला कारणही कळलं, मग तो कशाला बोलतो? दिवाणाला फक्त अल्पायुषी हा शब्द ऐकायचा होता, त्याला घरं मोजता येत नव्हती. म्हाताऱ्यानं खोटं लिहिलं, पण खरं त्याच कागदावर ठेवून गेला." मघाशी लेखकाबद्दल बोलले होते त्याचं त्यांना लागलं असावं. ते पुस्तकाला हात लावून थोडा वेळ तसेच बसले.

सरांना अजून पूर्ण पटलेलं नव्हतं. त्यांच्या मते राशीचा अर्थ आपण लावला, लेखकाच्या मनात तो होताच असं नाही. लेखक आज हयात नाहीत, विचारणार कोणाला? मला विचाराल तर बोट सोडण्याचं ते वाक्य आणि हा बुध एकाच पुस्तकात योगायोगानं येत नाहीत.

आठ वाजता वाचनालय बंद होतं, त्या दिवशी पावणेदहा झाले. बडकस चौकाकडे जाताना गुरुजी मुलीला लग्न कसं काढायचं ते सांगत होते, दर दोन तासांनी रास बदलते वगैरे, आणि ती वहीच्या मागच्या पानावर चौकट काढत चालली होती. निघण्यापूर्वी त्यांनी परत केलेली कादंबरी पुन्हा स्वतःच्या नावावर लिहून घेतली. सोमवारी तिच्यासाठी आणखी सात नावं नोंदवहीत आली, सगळ्यांनी ती आधी वाचलेली.

जुनी प्रत मी फळीवर ठेवायला गेले. तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९८१ चा होता. देवघेवीतून काढण्यापूर्वी ती चोवीस जणांनी नेली होती, आणि त्यांतल्या कोणीतरी एकानं तो बुध ओळखला होता. आमच्याकडे पेन्सिलीच्या खुणा खोडून मगच पुस्तक जागेवर जातं. खोडरबर माझ्या हातातच होतं. मी ते खणात ठेवलं आणि प्रत तशीच वर सरकवली.