बायू तेशच्या काठाकाठानं: ह्यूस्टनहून दोन दिवस

न्यू ऑर्लिन्सला जाताना लुइझियानातल्या अचाफालाया दलदलीवरून आम्ही चार वेळा गेलो असू. वरूनच. आय-१० हायवेचा तो पूल २९ किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंना पाण्यात उभी सायप्रसची झाडं दिसतात, आणि ‘अरे वा’ म्हणेपर्यंत बॅटन रूज येतं. यंदा आई मालवणहून आली होती. ती म्हणाली, "खाली काय आहे ते बघूया की." म्हणून एप्रिलमधल्या एका शनिवारी पुलापर्यंत गेलोच नाही. लाफायेत ओलांडून ब्रो ब्रिजला उतरलो आणि ३१ नंबरचा रस्ता धरला.

पहिली सूचना इथेच देतो: फोनमध्ये ‘हायवे टाळा’ चालू करा. आम्ही केलं नव्हतं. तीन वळणांनंतर बाईंनी आम्हाला पुन्हा हायवेच्या तोंडाशी नेऊन उभं केलं.

बायू म्हणजे धड नदी नाही, धड खाडी नाही. पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते कळायला पान टाकून बघावं लागतं. पण हा तेश साधासुधा ओहोळ नव्हे. काही हजार वर्षांपूर्वी मिसिसिपीचं मुख्य पात्र इथून वाहायचं. दर पुराचा गाळ साचून काठ उंच झाले, पुढे नदी पूर्वेला सरकली आणि मागे हे संथ पाणी राहिलं. या सखल मुलखात कोरडी जमीन म्हणजे तो काठच. म्हणून घरं, चर्च, उसाची शेतं आणि रस्ता सगळं पाण्याला धरून जातं. गाडीतून बायू सतत दिसत राहतो तो याच कारणानं.

ब्रो ब्रिजजवळच्या लेक मार्टिनवर बोटीनं फिरलो. दुपारी दोनची वेळ घेतली, ती चूक. डोक्यावर ऊन, मगरी चिखलात सुस्त. सकाळची पहिली फेरी घ्या, टोपी आणि डासांचं मलम न्या. तरी नावाड्यानं इंजिन बंद केलं तो क्षण वसूल होता: हिरव्या शेवाळी पाण्यातून वर आलेले सायप्रसच्या मुळांचे गुडघे, आणि फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा. त्यांना म्हणतात स्पॅनिश मॉस, पण ते शेवाळ नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. पूर्वी ती वाळवून गाद्यांत भरत.

संध्याकाळी क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले कोळंबीसारखे जीव. पौंडावर मिळतात, भाव रोज बदलतो, माणशी तीन पौंड घ्या. निम्म्याहून जास्त वजन कवचाचंच. हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. तांबड्या मसाल्यात उकडलेला ढीग मका-बटाट्यांसकट ताटात येतो. वाढणारी बाई ‘शा’, म्हणजे ‘बाळा’ असं म्हणत सोलायला शिकवू लागली, तोवर आईनं दोन मुंडकी पिळून, चोखून बाजूला टाकलीही होती. "सुंगटंच रे ही, नुसतं कवच जाड." मी मात्र त्याच हातानं डोळा चोळला. तुम्ही चोळू नका.

शाकाहारी मंडळींना स्पष्टच सांगतो, इथं हाल आहेत. पालेभाजीत डुकराचं मांस, राजम्यात सॉसेज. ‘मीट नाही ना?’ विचारलं तर ‘नाही, थोडं हॅम फक्त’ असं उत्तर येतं. मेहुण्यानं दोन दिवस धपाटे आणि चटणीवर काढले. डबा न्याच.

सेंट मार्टिनव्हिलला बहुतेक लोक ओकच्या झाडाखाली फोटो काढून निघतात. शेजारचं अकेडियन स्मारक चुकवू नका. अकेडियन म्हणजे इंग्रजांनी १७५५ पासून आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हाकललेले फ्रेंच भाषक शेतकरी. ‘अकेडियन’चं घासून ‘केजन’ झालं. भिंतीवर इथे येऊन पोचलेल्यांची नावं आहेत, आणि एक म्हातारे गृहस्थ आपलं आडनाव बोटानं शोधत होते. त्यांच्या लहानपणी शाळेत फ्रेंच बोललं की शिक्षा व्हायची, असं ते म्हणाले. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेनं शाळांत फक्त इंग्रजी ठेवली होती. नातवंडांना आता फ्रेंच शाळेतच शिकवतात, याचं त्यांना हसू येत होतं.

रविवारी एव्हरी आयलंड. बेट कसलं, मिठाच्या प्रचंड घुमटावरची टेकडी. टबॅस्को हा तिखट सॉस इथला, १८६८ पासून. वाटलेली मिरची मीठ घालून ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात आणि पिंपाच्या झाकणावर मिठाचा जाड थर देतात. आईला यात काही नवल वाटलं नाही. बरणीच्या तोंडाशी ती तेच करते. कारखान्यापेक्षा आम्हाला शेजारची बाग आवडली. पिसांसाठी शिकार होऊन बगळे संपत आले, तेव्हा १८९५ च्या सुमारास टबॅस्कोवाल्या घराण्यातल्या मॅकिल्हेनींनी आठ पिल्लं पाळून तिथं वसाहत उभी केली. आता वसंतात तळ्यावर बगळ्यांचा इतका कलकलाट असतो की बोलणं ऐकू येत नाही. दोन्हींची तिकिटं वेगळी. वेळ कमी असेल तर बाग घ्या.

पुढे १८२ नंबरनं फ्रँकलिनपर्यंत गेलो. ओकच्या सावलीतला हा पट्टा सगळ्यांत देखणा, सावकाश जा. ऑक्टोबर ते डिसेंबर ऊसतोडणी असते, ट्रॅक्टरमागे अडकाल. उन्हाळाअखेर वादळांचे दिवस, तेव्हा नकोच. रविवार-सोमवार लहान हॉटेलं बंद असतात, हे आम्हाला तिसऱ्या कुलपानंतर कळलं. एप्रिलअखेर लाफायेतला मोठा संगीत महोत्सव असतो, खोली आधीच धरा.

परतताना स्कॉटला बूदँ घ्या, म्हणजे भात, डुक्कर आणि कांद्याची पात भरलेलं गरम सॉसेज. साल दातांनी धरून आतलं ओढून खायचं, पार्किंगमध्येच, बॉनेटवर कागद पसरून. घरी न्यायचं तर आइसबॉक्स हवा. आमच्याकडे नव्हता, त्यामुळे शेजाऱ्यांसाठी घेतलेले दोन पौंड टेक्सासची हद्द यायच्या आत संपले.