चालु म्हणजे पुरे!

अख्खा जन्म सोलापुरात गेला, तरी आज पंगतीत फजिती झालीच.

पूर्व भागात मित्राकडे बारसं होतं. घर पद्मशाली, चादरी-टॉवेलच्या मागावर पिढ्या गेलेल्या, घरात बोलणं तेलुगू. वाढायला माणसं कमी पडली म्हणून मी आमटीची बादली उचलली. एका आज्जींच्या पानावर वाढायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "चालु, चालु." मी चालू ठेवलं. त्यांचा आवाज चढला, "चालु, बाबू, चालु!" मी आणखी एक पळी. भाताचं आळं फुटलं, आमटी थेट जिलेबीला जाऊन भिडली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. मागून मित्र ओरडला, "अरे येड्या, चालु म्हणजे पुरे!"

आमची अक्कलकोटची आज्जी कानडी बोलायची. तिचं "साकु" अजून कानात आहे. म्हणजे एकाच गावात जेवण थांबवायला तीन शब्द, आणि मला दोनच ठाऊक. कानडीही मोडकीच म्हणा. "ऊटा आयता?" विचारता येतं, समोरच्याने लांबलचक उत्तर दिलं की मी हसून मान हलवतो. तूप तेवढं सोपं, आपलं तूप, त्यांचं तुप्प.

माझी पंगत बसली तेव्हा त्याच आज्जी शेजारी येऊन बसल्या. रागावल्या नव्हत्या. दोन शब्द घोकून घेतले माझ्याकडून: "इंका कोंचम." आणखी थोडं.

जिलेबी आली तेव्हा बरोब्बर आठवले.